मदत हवी आहे : प्रोसेसरच्या ४ पिनच्या जादा सॉकेटचे काय करावे?

नमस्कार. रायझन ७ ५७००एक्स हा ६५ वॅटचा प्रोसेसर ज्या मदरबोर्डवर बसवायचा आहे, त्यावर विजेच्या २४ पिनच्या मुख्य सॉकेटखेरीज प्रोसेसरसाठी एक ८ पिनचे आणि त्याला लागूनच एक ४ पिनचे सॉकेट आहे. माझ्या ५५० वॅटच्या पॉवर सप्लायमधून मात्र ‘सीपीयू’ असे छापलेली ४+४ पिनची एकच केबल निघते. ती ८ पिनच्या सॉकेटात नीट बसते. ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) करायचे नसल्यास शेजारचे सॉकेट रिकामे ठेवून चालेल का? दुकानदाराने तिथे ग्राफिक्स कार्डाची ६+२ पिनची केबल लावण्यास सुचवले, पण तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या ओळी उलट असल्यामुळे हा सल्ला मला सरळ धोक्याचा वाटतो. मोलेक्सचा (हार्ड डिस्कसारख्या भागांना वीज देणाऱ्या जुन्या ४ पिनच्या केबलचा) अडॅप्टर वापरावा, की पॉवर सप्लायच बदलावा?