कोकणकड्याचा फोटो: कंपोझिशनवर नेमका अभिप्राय हवा आहे

घाटमाथा:
हरिश्चंद्रगडावरचा कोकणकडा, सूर्यास्ताच्या थोडं आधी. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, 24 मेगापिक्सेल, 16 मिमी वाइड लेन्स, एफ/22 (लेन्सचं छिद्र अगदी बारीक), आयएसओ 100, ट्रायपॉड गुडघ्याइतका खाली. क्षितिज बरोबर मध्यावर, खालचा निम्मा फोटो कातळ, डावीकडून येणारी कड्याची कमान, कातळावर बसलेला एक माणूस, वर ढग. "अप्रतिम" किंवा "काहीतरी कमी आहे" यापलीकडे कोणी बोलत नाही. कमी काय, आणि पुढच्या वेळी काय बदलायचं? खरडपट्टी चालेल.

कातळवाट:
नजर आधी कुठे जाते ते सांगतो: उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या डबक्यावर. त्यात आकाश चकाकतंय. तिथून नजर थेट फोटोबाहेर. माणूस फार उशिरा दिसतो, कारण त्याचं डोकं नेमकं क्षितिजाच्या रेषेत अडकलंय.

या जागेचा जीव खोलीत आहे: आत वळलेला कडा आणि तळाशी कोकण. ट्रायपॉड खाली असल्याने कातळ पसरला, कड्याची धार क्षितिजाला जवळजवळ टेकली आणि मधली दरीच गडप झाली. "वाइड लेन्स आहे ना, मग कॅमेरा खाली घ्या" हा सल्ला कासच्या फुलांना ठीक, इथे उलटा पडतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणा. धार आणि क्षितिज यांच्यात फट पडेल, आणि माणूस त्याच सपाटीवर बसला असेल तर त्याचं डोकंही आपोआप क्षितिजाखाली येईल.

शिवाय कमान उजवीकडे तुटते. 16 मिमीचा आडवा कोन साधारण 97 अंश, त्यात पूर्ण वळण मावत नाही. 24 मिमीवर चार उभे फोटो, शेजारच्या फोटोंत 30 टक्के भाग सामाईक (ओव्हरलॅप) ठेवून पॅनोरमा म्हणून जोडले तर साधारण 160 अंश मिळतात. एक्स्पोजर आणि फोकस मॅन्युअलवर ठेवा, नाहीतर आकाशात पट्टे दिसतात.

रॉफाईल:
दरीबद्दल सहमत. पण हातात आहे तो फोटोही वाया घालवायला नको. खालचे 1000 पिक्सेल कापा: 6000×3000 उरतं, डबकं जातं, क्षितिज खालच्या तृतीयांशावर येतं. 18 मेगापिक्सेल प्रिंटला पुरेसे आहेत.

एफ/22 मात्र सोडा. डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच किंचित मऊ, धूसर होतं. 16 मिमीला एफ/11 वर साधारण 1 मीटरवर फोकस केला तर अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं.

घाटमाथा:
क्रॉप करून पाहिला. डबकं गेलं, पण आता फोटो ढगांचा झाला, कडा नुसती पट्टी. दोघांपैकी कोणाचं ऐकू? आणखी एकांनी निरोपातून "अजून पुढे सरका, कातळ कमी होईल" असंही सुचवलंय.

धारेवरचा:
पुढे सरकायचं नाही! धारेजवळचे दगड सुटे असू शकतात आणि तिथला वारा बेभरवशाचा. जागा माहीत नसताना "पुढे जा" म्हणणं हा अभिप्राय नव्हे, आगाऊपणा आहे. कातळ कमी करायला कॅमेरा वर घेणं पुरेसं आहे.

वरच्या दोघांचं दुखण्यावर एकमत आहे, खालचा कातळ काही कामाचा नाही. तेवढं पक्कं धरा. औषध वेगळं आहे, कारण एकाने पुढचा फोटो दुरुस्त केला आणि दुसऱ्याने हा. फोटो टाकताना "मला दरी दाखवायची होती" एवढी एक ओळ लिहिली असती तर रॉफाईल यांनी बहुधा ढगांचा क्रॉप सुचवलाच नसता. तसंच, कोणी काही सुचवलं की लगेच "पण तिथे जागाच नव्हती" असं उत्तर देऊ नका, माणसं बोलायची थांबतात. आधी फोटो मोबाइलवर अंगठ्याएवढा करून बघा. तेवढ्यातही डबकंच आधी दिसलं तर मुकाट्याने मान्य करा.

पॅनोरमा करणार असाल तर माणूस एकाच फ्रेमच्या मध्यावर येऊ द्या. जोडाच्या पट्ट्यात तो जरा जरी हलला तर अर्धा दिसतो, नाहीतर दोनदा.