शब्दचर्चा : 'लँड डिस्पोजल'ला 'जमिनीत विल्हेवाट' म्हणावं का?

प्रश्न, परळीहून :
औष्णिक केंद्राच्या राखेवर गावासाठी मराठी माहितीपत्रक लिहितोय. कोळशात मुळातच थोडं किरणोत्सारी युरेनियम-थोरियम असतं. कोळसा जळतो, ते राखेत उरतं. पुढे खतकारखान्यातला जिप्सम, तेलविहिरींच्या नळांत धरलेली खपली, अशा कचऱ्याच्या 'लँड डिस्पोजल'चा भाग आहे. मी 'नैसर्गिक कचऱ्याची जमिनीत विल्हेवाट' लिहिलं. वडिलांनी वाचून विचारलं, "विल्हेवाट लावली म्हणजे संपलं ना? मग राखण कशाची करायची?"

उत्तर, उदगीरहून :
दादा, वडिलांनी बरोबर बोट ठेवलं. विल्हे म्हणजे व्यवस्था. विल्हेस लावणे म्हणजे नीट जागी लावणे. पण आज 'पैशाची विल्हेवाट लावली' म्हटलं की पैसे संपलेच. युरेनियमपासून तयार होणारं, या कचऱ्यातलं रेडियम-२२६ निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. ते संपत नाही.

आपल्याकडचा 'पेव' शब्द आठवा. आजोळी वाड्यात ज्वारीचं पेव होतं. तळाला, कडेला कडबा लावून ज्वारी भरायची, तोंड मातीनं लिंपायचं. उघडलं की आधी कंदील सोडून बघायचे. तो विझला तर कुणी उतरायचं नाही. पेवात ठेवणं म्हणजे पुन्हा काढण्यासाठी ठेवणं. साठवण आणि डिस्पोजल यांतला फरक हाच : डिस्पोजलमध्ये परत काढायचा इरादाच नसतो. म्हणून 'निक्षेप'ही मला चालत नाही, त्याचा अर्थ ठेव. सरळ 'कायमचा पुरणे' म्हणा. आणि तुमच्या राखेच्या तळ्यातली राख वीटभट्टीला उचलली जात असेल, तर तिथं 'साठवण'च लिहा.

देगलूरहून :
'नैसर्गिक कचरा' मात्र नको दादा, लोक पालापाचोळा समजतील. 'निसर्गतः किरणोत्सारी' म्हणा. आमच्या देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट आहे, त्यात बेसाल्टपेक्षा युरेनियम-थोरियम जास्त असतं. तेव्हा नुसतं 'किरणोत्सारी' लिहून घाबरवूही नका, आकडा द्या : युरेनियम-थोरियम आणि त्यांपासून बनणाऱ्या पदार्थांच्या मालिकेसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा ग्रॅमला १ बेकरेल (किरणोत्साराचं माप) धरतात, कोळशाच्या राखेत सहसा त्याहून कमी असतं.

आणि पुरलेल्या कचऱ्यावर टाकायच्या मातीला 'आच्छादन' हाच शब्द ठेवा, 'माती लोटणे' नको. रेडियमपासून निघणारा रेडॉन वायू ३.८ दिवसांत निम्मा होतो. थर घट्ट असला तर वर येईपर्यंत बराचसा वाटेतच संपतो. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये हात जाईल इतकी भेगाळते. तशा भेगेतून वायू सरळ वर येतो. भेगा न पडणारा थर, हे पत्रकात स्पष्ट लिहा.

परळीहून :
आता असं केलंय : 'निसर्गतः किरणोत्सारी कचरा जमिनीत कायमचा पुरणे, वर न भेगाळणारं आच्छादन, आणि देखरेख.' वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी 'कायमचा' खाली रेघ ओढायला सांगितली.