इतिहासात एमए करणाऱ्यांनो, सरत्या वर्षातलं तुमचं सर्वांत मोठं समाधान कोणतं?

माझं सांगते: मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, वाचता यायला लागली! शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पेशवे दफ्तरातला कागद आधी नुसती नक्षी वाटायचा. मग एकदा मायन्यातलं ‘राजश्री’ सुटलं आणि पुढच्या ओळी उलगडत गेल्या. त्या दिवशी आईला फोन करून अख्खं पत्र वाचून दाखवलं. तुमचं काय?

प्रतिसाद: मस्तच गं! तारखा कशा लावतेस?

– कागदावर सुहूर सन (तेव्हाची एक कालगणना) असेल तर इसवी सनासाठी मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून ६००. तारीख लागली की कागद बोलतो.

प्रतिसाद: माझं समाधान जिंजी. जुलै २०२५मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या १२ किल्ल्यांपैकी तमिळनाडूतला हा एकच. राजाराम महाराजांनी वर्षानुवर्षं मोगलांना झुंजवलं ते इथूनच. किल्ल्याची राजगिरी टेकडी चढताना ऊर भरून आला.