‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ क्रमानेच ऐकायचा का?

कोपरीकर:
ठाणे-तुर्भे लोकलमध्ये हल्ली अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सनचा हा १९७५ चा अल्बम लावते. ‘ब्लू आइज क्रायिंग इन द रेन’ आधीपासून आवडतं. बाकीचं मात्र लागत नाही. बरीच गाणी दुसऱ्यांची, मध्येच नुसती वाद्यं. यात खरंच एक गोष्ट आहे का?

जुनी_तबकडी (नेरूळ):
एकच गोष्ट आहे, ताई, आणि क्रम मोडला की ती निसटते. एका धर्मोपदेशकाची बायको दुसऱ्याबरोबर निघून जाते. तो दोघांना गुत्त्यात गाठून मारतो. ‘ब्लू आइज’ येतं ते त्याच्या लगेच नंतर! फ्रेड रोजचं हे विरहगीत कितीतरी जुनं. एरवी ऐकलं तर प्रेयसी दुरावलेला कुणीही गातोय असं वाटतं. इथे जिला स्वतः मारलं तिच्यासाठी तो रडतोय. जागा बदलली आणि अर्थ फिरला. कीर्तनकार आख्यानात चपखल बसेल तो जुना अभंग घेतो, तसंच हे. ‘टाइम ऑफ द प्रीचर’ची चालसुद्धा पालुपदासारखी परतते.

शीर्षकगीतही विलीचं स्वतःचं नाही. रेडिओवर निवेदक होता तेव्हा तो ते लावायचा, घरी मुलांना झोपवताना म्हणायचा.

वॉल्ट्झप्रेमी:
वाद्यांचं सांगतो. ‘डेन्व्हर’ नीट ऐका. खुनाच्या कडव्याचीच चाल, जवळजवळ तेच शब्द: तसाच आडबाजूचा गुत्ता, तो दारातून आत येतो, नजरानजर, हसू. फक्त तिथे हसत मरतात, इथे हसत नाचतात. मग शब्द थांबतात. पुढचे दोन तुकडे म्हणजे तो नाच. पियानोवर विलीची सख्खी बहीण बॉबी आहे. टेक्सासमधल्या गार्लंडच्या स्टुडिओत इतक्या कमी वाद्यांत हे केलं की कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या लोकांना ते अर्धवट वाटलं. पण करारानुसार शेवटचा शब्द विलीचा होता.

कोपरीकर:
‘डेन्व्हर’चं लक्षातच आलं नव्हतं, आत्ता दोन्ही लागोपाठ लावली. अंगावर काटा आला. पण शीर्षकगीतात एक बाई घोड्याला हात लावते म्हणून तिलाही गोळी, आणि तिला घोडाचोर ठरवून त्याला माफी? हे मला अजिबात मान्य नाही.

जुनी_तबकडी (नेरूळ):
मलाही नाही. तो घोडा त्याच्या बायकोचा, म्हणून त्याचा तोल जातो, एवढं कळतं. पण गाणं त्या बाईसाठी थांबत नाही, आणि ते मला दरवेळी खटकतं. ‘हँड्स ऑन द व्हील’मध्ये त्याला घर मिळतं ना, तेव्हाही ती बाई माझ्या डोक्यात असते.