उत्तर: तसलं जॅकेट घातलं तर बिघडलं कुठे?
तुमचा भाचा हेल्स एंजल्स या अमेरिकी मोटारसायकल क्लबसारखी चिन्हं जॅकेटच्या पाठीवर ऑनलाइन शिवून घेणार म्हणता. त्याने कॅलिफोर्नियात लेदरचं जॅकेट घेतलं यात काहीच बिघडलं नाही. काळं लेदर कोणीही घालावं. घोडं पेंड खातं ते पाठीवर. वर कमानीत क्लबचं नाव, मध्ये चिन्ह, खाली राज्याचं नाव, अशी तीन तुकड्यांची रचना म्हणजे सरळ इलाक्यावर हक्क सांगणं. खालची 'कॅलिफोर्निया' पट्टी तर नकोच! सदस्यांना हे पूर्ण तीन तुकडे मिळवायला आधी क्लबात नवशिके म्हणून उमेदवारी करावी लागते, आणि हा ऑनलाइन शिवून घेणार? हेल्स एंजल्सनी २०१० मध्ये आपल्या पंखवाल्या कवटीच्या चिन्हावरून अलेक्झांडर मॅक्वीन या फॅशन कंपनीलाही कोर्टात खेचलं होतं. (रस्त्यावर कोर्टकचेरी नसते, थेट हाणामारी होते, हे वेगळं.) फारच हौस असेल तर समर्थकांसाठी '८१' (इंग्रजीतलं आठवं अक्षर H आणि पहिलं A, म्हणजे हेल्स एंजल्स) छापलेले टी-शर्ट मिळतात. फक्त ते घालून दुसऱ्या क्लबच्या अड्ड्यावर बिअर प्यायला जाऊ नकोस म्हणावं.