यानोमामींच्या जंगलातलं सोनं: हाकलायचं की परवाना द्यायचा?

रानवाट: ब्राझीलने १९९२ मध्ये यानोमामी आदिवासींचा सुमारे ९६ हजार चौरस किलोमीटर प्रदेश कायद्याने त्यांच्यासाठी राखून ठेवला. तरी बेकायदा सोनं काढणारे, म्हणजे गारिम्पेइरो, हजारोंनी आत शिरले. जानेवारी २०२३ मध्ये सरकारला तिथे आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. बरगड्या मोजता येतील अशा पोरांचे फोटो पाहून मला जेवण गेलं नाही. तिथे एकही खाण राहता कामा नये.

सुधीर_न: हाकलून साधतं काय? फौज येते, पंप जाळते, परत जाते. मागोमाग खोदणारे हजर. तोही बहुतेकदा पोटासाठी आलेला गरीबच असतो. त्यापेक्षा परवाना द्या, नियम लावा, आदिवासींना वाटा द्या.

रानवाट: वाटा त्यांनी मागितलाय का? राज्यघटनेचं २३१ वं कलम सांगतं की अशा जमिनीवर खाणीला संसदेची मंजुरी हवी आणि आधी तिथल्या लोकांचं म्हणणं ऐकायला हवं. यानोमामींचे नेते दावी कोपेनावा किती वर्षं 'नको' म्हणतायत! आणि १९९३ चं हाशिमूचं हत्याकांड विसरू नका. गारिम्पेइरोंनी १६ यानोमामी मारले, त्यात मुलंही होती. न्यायालयाने त्याला वंशसंहार म्हटलं.

मीरा: सुधीर, सोनं निघतं कसं ते बघा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काठ फोडतात, गाळात पारा घालतात. पारा सोन्याला धरून गोळा होतो, तो भाजला की पाऱ्याची वाफ होते, सोनं उरतं. बाकीचा पारा नदीत, तिथून माशात, आणि मासा तर यांचं रोजचं अन्न. खड्ड्यांत पाणी साचून डास होतात, मलेरिया पसरतो. तापाने पडलेली माणसं शेतात आणि शिकारीला कशी जाणार? त्या उपासमारीचं एक मोठं कारण हे आहे. कागदावरच्या परवान्याने फुटलेला काठ भरून येत नाही.

सुधीर_न: पाऱ्याचं पटलं, तो बंदच व्हायला हवा. पण मग विकत घेणाऱ्याला धरा ना! २०१३ च्या कायद्याने विकणाऱ्याच्या शब्दावर सोनं वैध मानलं जायचं. सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद २०२३ मध्ये स्थगित केली. दहा वर्षं हे चालू दिलं, आणि आपण फक्त फावडंवाल्यावर तुटून पडतोय.

रानवाट: खरेदीदाराला धराच, त्यावर वाद नाही. पण तो खटला उभा राहीपर्यंत तिथल्या उरारिकोएरा नदीच्या पाण्यात पंप चालू ठेवायचे का, एवढंच सांगा.