प्रतिसाद: दोन खटल्यांची गल्लत नको

वरच्या चर्चेत टेक्ससचे तत्कालीन गव्हर्नर रिक पेरी यांच्यावरचा खटला आणि रोझमेरी लेमबर्ग यांची अटक एकाच मापाने मोजली जाते आहे. ते मला पटत नाही.

लेमबर्ग या तेव्हा टेक्ससमधल्या ट्रॅव्हिस काउंटीच्या डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी, म्हणजे मुख्य सरकारी वकील, पक्षाने डेमोक्रॅट. एप्रिल २०१३ मध्ये दारू पिऊन गाडी चालवताना पकडल्या गेल्या. रक्तात अल्कोहोल ०.२३९ टक्के, कायद्याची मर्यादा ०.०८. गाडीत व्होडकाची उघडी बाटली. कोठडीत त्यांनी जो आरडाओरडा केला त्याचं चित्रण सगळ्यांनी पाहिलं. पण त्यांनी लगेच गुन्हा कबूल केला आणि ४५ दिवसांची शिक्षा झाली. इथे कोर्टाचं काम सोपं होतं, कारण पुरावा आकड्यात होता.

पेरींचं तसं नव्हतं. लेमबर्ग राजीनामा देत नाहीत म्हणून पेरींनी लेमबर्ग यांच्या कार्यालयातल्या भ्रष्टाचारविरोधी विभागाचे ७५ लाख डॉलर व्हेटो (नकाराधिकार) वापरून रोखले, आणि तसं करण्याची धमकी आधीच दिली होती. हा विभाग राज्याच्या अधिकाऱ्यांची चौकशी करायचा, हे विसरून कसं चालेल? पेरींचा हेतू मला आजही संशयास्पद वाटतो. तरीही ऑगस्ट २०१४ मध्ये दाखल झालेले दोन्ही आरोप, अधिकाराचा गैरवापर आणि धमकी, टिकले नाहीत, आणि ते योग्यच झालं. व्हेटो हा गव्हर्नरचा घटनात्मक अधिकार. तो वापरला म्हणून त्याला आरोपी करता येत नाही, असं राज्याच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये सांगितलं. धमकीचा आरोप त्याआधीच, जुलै २०१५ मध्ये, अपील कोर्टाने भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला होता.